शब्द दुसऱ्याचे, जीभ आपली



मुंबईला शाळेत असताना इंग्रजी व्याकरणाच्या तासाला आम्हाला 'डायरेक्ट' वाक्याचे 'इनडायरेक्ट' करावे लागे. "मी उद्या येईन" असे कोणी म्हटले की काळ बदला, सर्वनाम बदला, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' करा. एवढे सगळे बदलल्यावर त्या बिचाऱ्याचे स्वतःचे राहिले काय, असा मला प्रश्न पडे. पुढे लंडनमध्ये ३० वर्षांहून अधिक काळ मी हेच येथल्या मुलांना शिकविले. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि त्याने मला गाठले ते वर्गात नव्हे, घरात.

आपल्या जुन्या मराठी पोथ्यांत अवतरणचिन्हे नव्हती. उभ्या दंडावर सगळे भागत असे. स्वल्पविराम, अवतरण ही मंडळी इंग्रजी वळणाने आली आणि त्यांना मराठीत बसविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांना दिले जाते. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चे. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांना कुंपण घालायला आम्ही इंग्लंडच्या माणसाकडून शिकलो. तोरेच्या गुंडाळीतही असे कुंपण नाही. तेथे 'लेमोर' हा शब्द येतो आणि आता कोणाचे तरी बोलणे सुरू झाले एवढे कळते. ते कोठे संपले, हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे.

पण मराठीजवळ कँडीसाहेबांच्या आधीपासून एक फार शहाणा शब्द आहे. "तो म्हणे विलायतेला गेला." हा 'म्हणे' ऐकणाऱ्याला दोन गोष्टी सांगतो: हे दुसऱ्याचे बोलणे आहे, आणि त्याची जबाबदारी मी घेत नाही. आमच्या आजीची निम्मी वाक्ये 'म्हणे'वर चालत, आणि तिला कधी कोणाची माफी मागावी लागली नाही.

दुसऱ्याचे शब्द सांगावेत तरी कशाला? पूरीमला आपण एस्तेर राणीची कथा ऐकतो. राजाला मारण्याचा कट मर्दखयला कळला, त्याने तो एस्तेरला कळविला, आणि एस्तेरने तो राजाला सांगितला तो मर्दखयच्या नावाने. ही बातमी स्वतःची म्हणून सांगणे तिला काय अवघड होते? पण नाव सांगितले म्हणून ते राजाच्या बखरीत चढले. एका रात्री राजाला झोप लागेना, बखर वाचली गेली, आणि पुढचा सारा इतिहास बदलला. तोरा मिळविण्यासाठी लागणारे ४८ गुण आपल्या शास्त्र्यांनी मोजून ठेवले आहेत. त्यांतला शेवटचा हाच, की ज्याचे वचन त्याच्या नावाने सांगावे. तालमूदमध्ये तर असेही आहे की मेलेल्या विद्वानाचे वचन या जगात कोणी त्याच्या नावाने सांगितले की कबरीत त्याचे ओठ हलतात. मला ही कल्पना फार आवडते. मुंबईच्या माझ्या एका बाईंचे ओठ मी वर्गात कितीदा तरी हलविले असतील.

उलट जे म्हटलेच नाही ते एखाद्याच्या नावावर घालणेही जुनेच आहे. 'तुका म्हणे' लिहिले की काम भागते हे कितीकांनी ओळखले, आणि तुकोबांचे खरे अभंग कोणते हे ठरविताना संपादकांची पुरेवाट झाली. आज मोबाईलवर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने काय काय फिरते ते आपण पाहतोच. असो.

आता घरची गोष्ट. १९८४ साल. मी नुकतीच शिक्षिका झाले होते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून इस्राएलहून मावशीचे निळे एअरोग्राम आले की मी वाचून दाखवीत असे. आजीने मावशीकडे डोळे मिटले, त्यानंतरचे हे पहिले पत्र. चार ओळी आजीच्या शेवटच्या दिवसांच्या आणि मग एक वाक्य: "तू लंडनहून पाकिटे पाठवून मोकळी झालीस, आईचे करायला मी होते." मी ते शब्दन् शब्द वाचले. गाळणे म्हणजे लबाडी, अशी माझी मास्तरकी होती. आईने पत्र हातात घेतले, घडी घातली आणि डब्यात ठेवले. त्यानंतर ११ वर्षे तिने बहिणीला एक ओळ लिहिली नाही.

मी चूक केली का? मी पुष्कळ वर्षे नाही म्हणत असे. शब्द मावशीचे होते, मी केवळ जीभ. मग एकदा सारेची कथा नीट वाचली. आपल्याला मूल होणार हे ऐकून सारा मनात हसली. मी जून झाले आणि माझा नवराही म्हातारा झाला, असे काहीसे ती म्हणाली. परमेश्वराने हे आब्राहामला सांगितले तेव्हा तिच्या स्वतःच्या वयाचे तेवढे सांगितले, नवऱ्याच्या म्हातारपणाचे गाळले. यावरून रब्बींनी काढले की घरात शांती राहावी म्हणून बोलणे बदलून सांगता येते. अहरोनबद्दल तर सांगतात की भांडलेल्या दोघांकडे तो आलटून पालटून जाई आणि समोरचा किती पस्तावला आहे ते वर्णन करी. तो पस्तावलेला नसला तरी.

अहरोनचे मला आजही पचत नाही. त्याच्या काळी टेलिफोन नव्हते, हे एक. दुसरे म्हणजे, १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मुंबईत कीर्तने सुरू केली, तेव्हा आब्राहामाच्या तोंडी मराठी साक्या घातल्या, पण ऐकणाऱ्या सर्वांना ठाऊक होते की हे कीर्तनकाराचे आहे. अहरोनकडून ऐकणाऱ्याला तसे ठाऊक नव्हते. नसलेले घालणे आणि असलेले गाळणे यांत मला अंतर दिसते. पण गाळण्याचा अधिकार तरी मला कोणी दिला? आईला ते वाक्य ऐकण्याचा हक्क नव्हता का? हे मला अजून सुटलेले नाही.

१९९५ मध्ये आई गेली. मावशीचा फोन आला. रडणे झाल्यावर तिने हळूच विचारले, "माझ्याबद्दल काही बोलली का ग?"

बोलली होती. इस्पितळात मी बाटलीतले लोणचे नेले होते, ते चाखून आई म्हणाली होती, "शोशन्नाच्या हाताला चव आहे, जिभेला मात्र हाड नाही."

मी मावशीला सांगितले, "शोशन्नाच्या हाताला चव आहे, म्हणाली."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग मावशी हसली. "आणि जिभेला हाड नाही, ते ग? लहानपणापासून दोन्ही एका दमात म्हणायची ती."