जाणत्याचे मौन

पिपलानीतील आमच्या शेजारच्या काकू गेल्या हिवाळ्यात घर आवरून मुलाकडे पुण्यास जावयास निघाल्या. त्यांचे दिवंगत यजमान हेवी इलेक्ट्रिकल्समधील अगदी आरंभीच्या अभियंत्यांपैकी एक. १९५६ साली ही कंपनी स्थापन झाली तेव्हा ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ही तिची तांत्रिक सहकारी होती, आणि त्या काळात काही इंग्रज तंत्रज्ञ भोपाळात राहून गेले. त्यांपैकी एकाने परत जाताना विकलेल्या सामानातून काकूंच्या यजमानांनी दहा रुपयांना एक खुर्ची घेतली होती. तीच आता अंगणात, रद्दी आणि फुटक्या बादल्या यांच्या शेजारी, कबाडीवाल्याची वाट पाहत उभी होती. त्याने तिचे ऐंशी रुपये सांगितले होते.

मी खुर्ची उलटी करून पाहिली आणि क्षणभर माझा श्वास रोखला गेला. पाठ आणि बैठक एकाच फळीतून वळवलेली, मध्ये कमरेसारखी निमुळती, खाली पोलादी नळ्यांचे चार पाय. डेन्मार्कचे वास्तुशिल्पी आर्ने याकोबसेन यांनी १९५५ साली फ्रिट्झ हान्सेन या कारखान्यासाठी योजिलेली खुर्ची नेमकी अशीच असते. लाकडाचे पातळ पापुद्रे सरस लावून एकावर एक रचावयाचे आणि साच्यात दाबून त्यांना एकदमच बाक द्यावयाचा, ही तिची रीत. फळीच्या कडेला ते थर मोजता येत होते. निमुळत्या जागी, जिथे पाठीचा सारा ताण एकवटतो, तिथे एक बारीकशी चीर होती. पायांच्या जोडावरील टोपणावर काही अक्षरे असावीत. परंतु कोणीतरी त्यावर हिरवा ऑइलपेंट चढवला होता. खुर्ची अस्सल असेल, तर परदेशच्या बाजारात तिला कित्येक हजार रुपये सहज मिळावेत. नक्कल असेल, तर कबाडीवाल्याचा भाव काही वावगा नव्हता.

माझे निरीक्षण पाहून काकू म्हणाल्या, “आवडली का रे? मग तूच घेऊन जा. कबाडीवाल्यापेक्षा दहा रुपये जास्त दे, म्हणजे झाले.”

माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता: बोलावे की न बोलावे?

कायद्याच्या दृष्टीने मी निर्धास्त होतो. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम सांगते की, केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. विसाव्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते की, वस्तूच्या किमतीविषयीचा चुकीचा समज हा वस्तुस्थितीविषयीचा भ्रम मानावयाचा नाही. मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही, हे पंचविसाव्या कलमात आहे. शंभर वर्षे न झाल्याने १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदाही या खुर्चीला लागू नाही. नव्वद रुपये देऊन मी ती उचलली असती, तर कोणतेही न्यायालय मला दोषी म्हणते ना.

मनानेही युक्तिवाद पुरवला. ज्ञान हे श्रमाचे फळ आहे. मी वर्षानुवर्षे पुस्तके चाळली, संग्रहालये पाहिली. त्या श्रमाचा लाभ मला का मिळू नये? जाणत्याने प्रत्येक वेळी आपली जाण आधी उघड करावयाची असेल, तर जाणते होण्याचे कष्ट कोण घेईल? हा युक्तिवाद पोकळ नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सिसरोने हाच प्रश्न मांडला होता. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे. धान्याचे जहाज घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजे येत आहेत. त्याने ते सांगावे काय? डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे.

मला मात्र उत्तर सापडले ते आपल्याच करार कायद्यातील दृष्टांतांत. ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे ठाऊक असून गप्प राहतो. हे कपट नव्हे. परंतु ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, मौनही तेच. बदलले ते नाते. दृष्टांत विकणाऱ्याचा आहे आणि मी घेणारा होतो, हे खरे. परंतु काकूंनी भाव ठरवण्याचे काम माझ्यावर विश्वासून सोडले, त्या क्षणी मी नुसता घेणारा उरलो नाही. बरोबरीच्या व्यापाऱ्यांत जे चातुर्य, तेच विश्वासणाऱ्याशी वागताना चोरी होते.

हे व्यक्तीपुरतेच नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात सागवान आणि वेताच्या खुर्च्या योजिल्या. स्थानिक सुतारांनी त्या घडवल्या. पुढे त्या निकामी ठरून मातीमोल भावाने विकल्या गेल्या आणि परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. सरकारने २०११ साली त्यांच्या विक्रीस आणि निर्यातीस मनाई केली ती बरेच काही गेल्यानंतर. गोमंतकातील जुन्या घरांतून कोरीव पलंग आणि खुर्च्या ज्यांनी अशाच जाताना पाहिल्या, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मी काकूंना जे ठाऊक होते ते सांगितले, आणि जे ठाऊक नव्हते तेही. खूण रंगाखाली आहे, चीर आहे, नक्कल असणे शक्य आहे. नकलेचीही गंमत सांगितली: १९६३ साली लुईस मॉर्ली यांनी क्रिस्टीन कीलरचे जे छायाचित्र घेतले, त्यातील खुर्ची याच नमुन्याची नक्कल होती, तरी ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे यांनी त्या साहेबाला फसवले का रे?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, “नाही काकू. तेव्हा ते दोघेही सारखेच अजाण होते, आणि हा भाव तर पुढे जगाने चढवला.” त्यांना ते पटले असावे. अज्ञानात झालेला सौदा आणि एकाच्या अज्ञानावर उभारलेला सौदा यांत जे अंतर आहे, ते त्यांना कलमांवाचून कळले होते.

खुर्ची सामानाबरोबर पुण्यास गेली. रंग खरवडून खूण पाहण्याची मुलाची इच्छा होती. काकूंनी तूर्त नको म्हटले. ती अस्सल की नक्कल हे मला आजही माहीत नाही. तिची उणीव मला अधूनमधून भासते, हेही नाकारीत नाही. परंतु नव्वद रुपयांना ती माझ्या बैठकीत आली असती, तर तिच्यावर बसून काकूंच्या पत्राला उत्तर लिहिणे मला जमले नसते.