मोजलेली साखर, जाणवलेली तहान

सकाळी फिरताना भेटणारे एक निवृत्त गृहस्थ ठासून सांगतात, ‘पाश्चात्त्य औषधं लक्षणं दाबतात, चिनी वैद्यक मुळाशी जातं.’ मधुमेहापुरतं तरी हे नेमकं उलटं आहे.

चिनी वैद्यकातला ‘शिआओके’ हा मधुमेहासारखा आजार लक्षणांवरूनच ओळखला जातो: अतोनात तहान, न शमणारी भूक, सारखी लघवी, झडत जाणारं अंग. वैद्य नाडी आणि जीभ पाहून दोष फुप्फुसात, जठरात की मूत्रपिंडात, ते ठरवतो. या रोग्यांची लघवी गोड लागते हेही तिथे सातव्या शतकात नोंदलं गेलं. (चाखून पाहणाऱ्या त्या वैद्याबद्दल मला भारी आदर वाटतो.) मूळच शोधायचं, तर ते १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला सापडू लागलं. मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या डॉक्टरांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. पुढे १९२२ मध्ये टोरंटोत मरणाच्या दारातला एक मुलगा स्वादुपिंडातूनच मिळवलेल्या इन्सुलिनने सावरला.

मला महत्त्वाचा वाटतो तो जाणवलेला आजार आणि मोजलेला आजार यांतला फरक. एचबीएवनसी या रक्ततपासणीत साखरेचा आकडा ६.५ टक्क्यांच्या वर गेलेल्या कित्येकांना ना तहान, ना थकवा. नाडीपेक्षा रक्ततपासणी मोठी, असं म्हणून इथेच थांबता आलं असतं. पण ज्याला काही होतच नाही, त्याचा आहार बदलायचा कसा? आकडा पाहून माणसं घाबरतात, आठवडाभर. पथ्याचा आग्रह मात्र जुना आहे: सुन सिमिआओ हा सातव्या शतकातला चिनी वैद्य दारू आणि खारट-पिठूळ खाणं आधी बंद करायला लावी. १९८६ मध्ये चीनच्याच दाचिंग या तेलनगरीत साखर सीमारेषेवर असलेल्या ५७७ जणांवर अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काही गटांना सहा वर्षं आहार-व्यायामाचा आधार दिला गेला. तीस वर्षांनी पाहिलं, तर त्यांना मधुमेह इतरांपेक्षा सुमारे चार वर्षं उशिरा झाला होता. निवड रक्ततपासणीने, उपाय पथ्याचा. तेव्हा मोजलेला आकडाही एकटा पुरेसा नाही, हे मानावं लागतं.

चिनी औषधं म्हणजे ‘शुद्ध वनस्पती’, या त्या गृहस्थांच्या समजुतीवर मात्र माझा विश्वास नाही. चीनमध्ये मान्यताप्राप्त असलेल्या ‘शिआओके’ गोळ्यांत वनौषधींबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे आधुनिक औषधही असतं. दहा गोळ्यांत अडीच मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या गोळीवर ही घेतली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घरात कुणी असली गोळी घेत असेल, तर डबी डॉक्टरांना दाखवा.