ओटा कुठे ठेवलास?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गुरुवारच्या सत्संगात महाराज जे बोलले, ते बऱ्याच जणांनी मागितलं. आठवलं तसं लिहीत आहे, चुकलं तर माझं.

आपल्यातलेच एक गुरुबंधू नव्या घराचा नकाशा घेऊन आले होते. देवासच्या बाहेर, एबी रोडकडे नवी कॉलनी आहे. घर भरणीचा मुहूर्त विचारायचा होता. त्यांनी हौसेनं सगळं सांगितलं. शाळा दहा मिनिटांवर, दवाखाना जवळ, बगीचा, किराणा, फाटकावर चौकीदार, कॅमेरे. महाराजांनी नकाशा नीट पाहिला, स्वैपाकघराचं कौतुकही केलं. मग विचारलं, "ओटा कुठे ठेवलास?"

ते म्हणाले, "महाराज, तिथे गाडी उभी राहील."

"आणि आई कुठे बसेल?"

कोणी काही बोललं नाही. त्यांच्या आई टेकडीखालच्या जुन्या घरात ओट्यावर बसतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या माताजींना जाणारे-येणारे त्यांच्याशी दोन शब्द बोलून जातात. भाजीवाली तिथेच टोपली उतरवते. आईंनी नव्या घरी यायला अजून होकार दिलेला नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आवाज भरून आला होता.

महाराज म्हणाले, "घर घेऊ नको असं मी म्हणत नाही बाळ. जुन्या घराचा जिना आईला चढवत नाही, ते मी पाहिलंय. आणि जुनं ते सगळं चांगलं असंही नाही. याच देवासला १९९० साली आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. नळाला पाणी असणं ही देवाची कृपाच समजायची. पण सोयींची यादी केलीस ना, ती सगळी घरानं बाहेरून काय घ्यायचं याची आहे. घरातून बाहेर काय जाणार, ते कुठे लिहिलंय?"

मग गृहस्थाश्रमाचं सांगितलं. गृहस्थाला रोज पाच यज्ञ सांगितलेत: देव, ऋषी, पितर, भूतमात्र आणि माणूस. पहिल्या तिघांचं देवघरात भागतं. उरलेल्या दोघांसाठी दार उघडावं लागतं. वैश्वदेव झाल्यावर यजमानानं अंगणात उभं राहून अतिथीची वाट पाहायची, किती वेळ? तर गाय दोहून होईल तेवढा. त्यानंतर जेवायचं. "आता फाटकावर चौकीदार विचारतो, कोणाकडे जायचंय? अतिथीला ते कुठे ठाऊक असतं?" सगळे हसले, महाराजही हसले.

पुढे कुमारजींची गोष्ट निघाली. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयरोग घेऊन देवासला आले, इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून कानावर येईल ते ऐकायचं, एवढंच हातात. बायकांची माळवी गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. स्ट्रेप्टोमायसिननं देह बरा केला, आणि पुढे ते गायले त्यात ही सगळी गल्ली होती. महाराज म्हणाले, "जोगी दाराशी आला म्हणून ऐकू आला. फाटकावरून परत पाठवला असता तर?"

धारच्या एका ताईंनी विचारलं, आमच्या कॉलनीत कोणी कोणाकडे जातच नाही, मग दार उघडं ठेवून काय करायचं? महाराजांनी त्यांचं बोलणं उडवून लावलं नाही. म्हणाले, "खरं आहे. पहिल्यांदा तूच जा. वाटीभर काहीतरी घेऊन जा, रिकामी वाटी परत द्यायला त्यांना यावंच लागतं." (ही युक्ती आमच्या आज्जीचीही होती.) पक्ष्यांसाठी गच्चीवर पाण्याचं भांडं, गाईचा घास, हे कुठल्याही कॉलनीत जमतं असंही सांगितलं.

नकाशा परत देताना महाराजांनी गाडीच्या जागेवर पेन्सिलीनं एक रेघ ओढली. आईला पाय खाली टेकवून बसता येईल एवढी उंची, आणि शेजारी दुसऱ्या कोणाला बसायला जागा.

मुहूर्त अजून दिलेला नाही. आधी आईंना ती जागा दाखवून आणायला सांगितलंय, आणि आजूबाजूच्या चार घरांत स्वतः जाऊन बोलावणं करायला. त्यातली दोन घरं झाली, असा कालच त्यांचा फोन आला. तिसऱ्या घरी कुलूप होतं, संध्याकाळी पुन्हा जाणार आहेत.

जय गुरुदेव 🙏