मोठे घर देण्यापूर्वी

वाचकहो, माशांच्या मृत्यूवर कोणी निबंध लिहावा याचे कदाचित आपणांस हसू येईल. ज्या जीवाचा भाव बाजारात किलोवर ठरतो आणि ज्याचे कालवण आपण रविवारी आवडीने खातो, त्याच्याविषयी एवढा विचार कशाला? आक्षेप रास्त आहे. मीही मासे खातो. परंतु अन्न म्हणून घेतलेला जीव आणि सांभाळीन असे मनोमन म्हणून घरी आणलेला जीव, या दोहोंत एक फरक आहे. दुसऱ्याच्या बाबतीत आपण एक जबाबदारी पत्करलेली असते. ती आपल्या हातून मोडली, तेही केवळ चांगुलपणाच्या भरात, तर दोष कोणाचा? हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घर करून आहे.

बंगळूरच्या आमच्या सदनिकेत वीस लिटरांच्या काचेच्या टाकीत पाच गोल्डफिश होते. दोन वर्षे ते तेथे राहिले. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, म्हणून लहान टाकीत तो सुखाने लहान राहतो, अशी एक समजूत आहे. माझीही तीच होती. वास्तविक गोल्डफिश हा पुष्कळ विष्ठा टाकणारा, वीतभर वाढू शकणारा आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगणारा मासा आहे. लहान भांड्यात त्याची वाढ खुंटते ती मुख्यतः दूषित पाण्यामुळे. ज्याला आपण जुळवून घेणे म्हणतो, ते प्रत्यक्षात खंगणे असते. हे वाचनात आले तेव्हा मला लाज वाटली. त्यांना मोठे घर द्यायचे मी ठरवले.

शिवाजीनगरातील रसेल मार्केटच्या परिसरात जाऊन मी दीडशे लिटरांची टाकी घेतली. दुकानदाराने बजावले होते, "आधी महिनाभर टाकी तयार होऊ द्या, आणि जुन्या फिल्टरचा स्पंज टाकून देऊ नका." परंतु येत्या रविवारी मुलीचा वाढदिवस होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते दोन रात्री उघडे ठेवायचे, एवढे मला ठाऊक होते. तेवढे मी केले. जुनी टाकी घासूनपुसून माळ्यावर ठेवली. काळा, बुळबुळीत झालेला स्पंज कचऱ्यात टाकला. नव्या टाकीत नवी वाळू, नवा फिल्टर, स्वच्छ पाणी. रविवारी पाहुण्यांसमोर मासे तिच्यात सोडले. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येकाने चिमूटभर खाद्य टाकले.

तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. आठवड्याच्या आत तीन मासे दगावले. मुलीने विचारले, "पप्पा, आपण तर त्यांना मोठं घर दिलं होतं ना?"

घडले ते थोडक्यात असे. माशाच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि तो त्यालाच विषारी असतो. टाकीत काही सूक्ष्म जिवाणू रुजतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते. हे जिवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. ते वाळूला, काचेला आणि सर्वांत अधिक फिल्टरच्या स्पंजला चिकटून असतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यातून आमच्या इमारतीत बोअरवेलचे जड, अल्कधर्मी पाणी मिसळलेले असते, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक घातक होतो. म्हणजे जो काळा स्पंज मी घाण समजून फेकला, त्याच्याच आधारावर ते पाच जीव दोन वर्षे जगले होते. माझी नवी टाकी निर्मळ होती, आणि त्या निर्मळपणानेच त्यांचा घात केला.

माशाला काय कळते, असे म्हणून हे पुसून टाकता येत नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे खाणे सोडत, ओठ तळाच्या खड्यांवर घासत. याच संशोधनात मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झालेले दिसले. माशाची वेदना आपल्यासारखीच असते की नाही यावर विद्वानांत वाद आहे. परंतु तो दगडासारखा निर्विकार आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

मग माझा हेतू चांगला होता, एवढ्याने मी सुटतो काय? नकळत घडलेल्या पापासाठीही लेवीय ग्रंथात अर्पणे सांगितली आहेत. तरुणपणी मला तो नियम कठोर वाटे. आता त्यातील शहाणपण दिसते: हेतू शुद्ध असला तरी झालेली हानी हानीच राहते, आणि ती मान्य करावी लागते. संत थॉमस अक्विनास यांनी अज्ञानाचेही दोन प्रकार मानले. एक अज्ञान माणसाला प्रयत्नांनीही दूर करता येत नाही. त्याचा दोष त्याच्यावर नाही. दुसरे, थोडी तसदी घेतली असती तर दूर झाले असते; त्याचा दोष मात्र राहतो. माझे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते, किंबहुना ते अज्ञानही नव्हते. मला सांगितले गेले होते. मी ऐकले नाही, कारण देण्याचा आनंद मला रविवारीच हवा होता.

वाचकहो, येथे प्रश्न माशांपुरता राहत नाही. सत्ता असलेला माणूस दुर्बळाचे भले करू पाहतो, तेव्हा तो बहुधा जागेचे माप पाहतो. इटलीतील मोंझा नगराने २००४ साली गोल भांड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली. चांगलेच केले. पण कायद्याला भांड्याचा आकार पाहता येतो. पाणी तयार होईपर्यंत थांबण्याचा धीर धन्याच्याच अंगी असावा लागतो. आपल्यापैकी कित्येकांनी गावाकडील वृद्ध आईवडिलांना शहरातील प्रशस्त घरी आणले आहे. स्वतंत्र खोली, नवी गादी, दिमतीला बाई. आणि तरीही ती माणसे महिन्याभरात मिटून जाताना पाहिली आहेत. ओसरीवरच्या गप्पा, शेजारणीची हाक, आपल्या भाषेतील प्रार्थनासभा हे सारे आपण जुने सामान म्हणून मागे ठेवून आलेलो असतो. त्यातले काय बरोबर न्यायला हवे होते, हे त्यांना आपण विचारलेले नसते. मासा सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो, आणि तरीही आपण विचारत नाही. आपला दोष अधिक मोठा.

काही मित्र म्हणाले, "मग सोडून द्या की तळ्यात, स्वतंत्र होऊ दे त्यांना." हा मोहही तपासून पाहावा. मार्च २०१६ मध्ये याच शहरातील हलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगले. पाण्यातला प्राणवायू घटला होता. दुसरीकडे, हौशी लोकांनी टाक्यांतून आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ कॅटफिश आज भारतातील अनेक जलाशयांत पसरला असून तो स्थानिक माशांच्या जिवावर उठला आहे. म्हणजे सोडलेला मासा एक तर स्वतः मरतो, नाही तर दुसऱ्यांना मारतो. अशा सोडण्यात स्वातंत्र्य देण्यापेक्षा हात झटकणेच अधिक असते. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिल्याचे आपण नेहमी सांगतो. त्याच पुस्तकात त्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले, हेही आहे. राखणदाराला कंटाळा आला म्हणून राखण सोडता येत नाही.

उरलेले दोन मासे मी जुन्या टाकीत परत नेले आणि रोज थोडे थोडे पाणी बदलत राहिलो. शेजारच्या इमारतीतील एका हौशी गृहस्थांकडून त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणला. तो साध्या नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्या, असे त्यांनी सांगितले. या वेळी मी ऐकले. मोठी टाकी पाच आठवडे माशांविना चालू ठेवली. जिवाणूंना अन्न मिळावे म्हणून रोज चिमूटभर खाद्य तिच्यात कुजू दिले. पाणी तपासण्याची द्रावणे आणली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे हलवले. पिशवी आधी वीस मिनिटे नव्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि तिच्यात पेल्या-पेल्याने नवे पाणी मिसळत गेलो. कोणाला बोलावले नव्हते. टाळ्या वाजल्या नाहीत.

ते दोघे आज जिवंत आहेत. मोठी टाकी ही अखेर टाकीच आहे, हे मला ठाऊक आहे, आणि नवे मासे आम्ही आणलेले नाहीत. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी तिला दिले. "आपण त्यांना मोठे घर दिले, हे खरे, पण ते राहण्याजोगे होण्याआधी दिले. चूक माझी होती." ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग आता त्यांना खायला कधी घालायचं?" मी म्हणालो, उद्या सकाळी.