बारा मिनिटांचं अंतर

२४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते, तेव्हा मंगळयानाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. इंजिन साधारण २४ मिनिटं चाललं, वेग कमी झाला, यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. पण ही वार्ता पृथ्वीवर पोहोचायला १२ मिनिटं लागत होती. तेवढ्या वेळात इथून कोणालाही काही करता येत नव्हतं. काय करायचं ते यानाला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

माझ्या सध्याच्या कथेचं बीज या बारा मिनिटांत आहे. ऑफिसची घाई सुरू व्हायच्या आधी, पहाटे, मी ती लिहिते. आई वाईला आहे, मुलगी मंगळावर. पृथ्वी आणि मंगळ जवळ असतात तेव्हा त्यांच्यात साडेपाच कोटी किलोमीटर अंतर असतं, लांब जातात तेव्हा चाळीस कोटी. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे निरोप कधी ३ मिनिटांत पोहोचतो, कधी २२. आईने "जेवलीस का गं?" असं विचारलं, तर दूरच्या दिवसांत उत्तर ऐकायला पाऊण तास थांबायचं. म्हणजे फोनवर बोलतो तसं बोलणं संपलं. उरली ती पत्रं, आवाजातली.

इथे मोह होतो. निरोप क्षणात पोहोचवणारं एखादं यंत्र कथेत आणलं की झालं! उर्सुला ल ग्विन यांनी १९६६ च्या आपल्या कादंबरीत असं यंत्र कल्पिलं होतं आणि नंतर अनेकांनी ते उसनं घेतलं. त्यांच्या कथाविश्वात माणसं ताऱ्याताऱ्यांच्या अंतरावर विखुरलेली होती, तिथे ते यंत्र लागणारच होतं. माझ्या कथेत ते आलं तर आई आणि मुलगी पुण्या-मुंबईत असल्यासारख्या गप्पा मारतील आणि मंगळ नुसता पाठीमागचा पडदा होऊन राहील. निसर्गाने घातलेली अडचण सोसली तरच त्या दोघींचं नातं मला दिसतं. कुठलीही गोष्ट अर्धवट बोलून चालत नाही, कारण समोरचीला लगेच "म्हणजे?" असं विचारता येत नाही. म्हणून मी आईला मराठी विश्वकोशाच्या वाईच्या कार्यालयातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेली ही बाई, आता स्वतःचं प्रत्येक वाक्य पाठवण्याआधी दोनदा ऐकते.

कथेत वास्तवाकडून एकच सूट घ्यायची आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत चुकता करायचा, हे मी शिकले ते वाचनातून. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, मग धारप, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, सुबोध जावडेकर. वाचनालयातून आणि जुन्या दिवाळी अंकांतून हे सगळे हाती आले. पण हिशेबाची सर्वांत स्वच्छ ओळख झाली ती जयंत नारळीकरांच्या कथेतल्या गंगाधरपंतांकडून. पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी निसटून जाते, एवढीच सूट. मग मराठे जिंकतात, आणि गंगाधरपंत मुंबईला पोहोचतात तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय तिथे दिमाखात उभं असतं. गोळीची दिशा जराशी बदलली, आणि पुढचं सगळं जग त्या बदलाला जबाबदार राहून उभं केलं.

नारळीकरांचीच आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या नवख्यांनी जपून ठेवावी अशी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. तेव्हा फ्रेड हॉयल यांच्याबरोबरच्या कामामुळे त्यांचं नाव जगभर झालेलं होतं. ते नाव बाजूला ठेवून त्यांनी कथेला एकटीला परीक्षकांसमोर पाठवलं आणि तिला पहिलं पारितोषिक मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाने मराठी विज्ञानकथेला दिलेला तो मान आहे, असं मी मानते. माझं नाव झाकायची गरजच नाही, ते कोणाला माहीतच नाही. कथेला एकटीला उभं राहता आलं पाहिजे, ही अट मात्र मलाही तीच.

वाचक म्हणून माझं एक गाऱ्हाणं आहे. आपल्याकडच्या पुष्कळ विज्ञानकथांत एक प्राध्यापक असतो, त्याला प्रश्न विचारणारा एक पत्रकार किंवा पुतण्या असतो, आणि दोन पानं समजावून सांगण्यात जातात. विज्ञान बरोबर असतं, माणसं मात्र फळ्यासारखी. मला वाटतं, ते समजावणं माणसांच्या दिनक्रमात मुरवता येतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे. माझ्या कथेत हे कोणी सांगत नाही. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुलीच्या उठण्याची वेळ लिहायला सुरुवात केली आहे, आणि ती रोज पुढे सरकते. साधारण ३७ दिवसांनी दोघींची पहाट पुन्हा जुळते. आई त्या तारखेला लाल पेन्सिलीने गोल करते आणि त्या दिवशी दुसरं काम ठेवत नाही.

आता कथा अवघड जागी आली आहे. साधारण २६ महिन्यांनी एकदा मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि सूर्याच्या गोंगाटात दोन आठवडे संदेशांची खात्री राहत नाही. मंगळयानही जून २०१५ मध्ये असंच पंधरवडाभर एकटं होतं. त्याने स्वतःला सांभाळावं अशी तयारी आधीच करून ठेवलेली होती. माझ्या कथेतली आई त्या दिवसांतही रोज बोलते आणि निरोप साठवून ठेवते. मार्ग मोकळा झाला की चौदा निरोप एकदम मंगळावर पोहोचतात. मुलीने आधी कोणता ऐकायचा? शेवटचा ऐकला तर आई बरी आहे हे लगेच कळेल. पण तारखेच्या क्रमाने ऐकलं तर मधल्या एखाद्या दिवशी आईचा आवाज बसलेला असेल, आणि तो दिवस तिला आईबरोबर काढावा लागेल. आज सकाळी मी ठरवलं, ती क्रमाने ऐकणार. चौथ्या दिवसाचा निरोप अजून लिहायचा आहे.