गाडी विकणाऱ्याचें मौन

अमरावतीस किंवा अकोल्यास जुन्या मोटारी विकून पोट भरणाऱ्या भावाची अडचण लहान नाहीं. कर्ज काढून घेतलेली गाडी दारांत उभी राहिली, तरी व्याज चालतच राहतें. अशा वेळीं तिला पूर्वीं अपघात झाला होता, हें न सांगण्याचा मोह होतो. गिऱ्हाइकानें विचारिलें नाहीं. मग मी खोटें कोठें बोललों?

सन १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत असेंच उदाहरण आहे. लिलावांत घोडा विकणारा, त्याचा दोष ठाऊक असून गप्प राहिला, तर तें कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळें दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें.

प्रियजनहो, येथेंच आमची कसोटी लागते. कायदा परक्यास व मुलीस निराळें मोजितो. पण शेजारी कोण, हें प्रभूनें दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांत आम्हांस शिकविलें आहे. किलोमीटरांचा आकडा मागें फिरविणें हें तर उघड पाप. परंतु दोष दडवून गप्प राहणेंही निर्दोष नव्हे. सांगितल्यानें किंमत उतरेल, कदाचित् सौदाही मोडेल. ती हानि सोसावी. ज्या गाडींत आपण आपली लेक बसविणार नाहीं, ती दोष न सांगतां दुसऱ्याच्या लेकीस देऊं नये.