वेदनेचे म्हणणे

मराठीत 'दुखणे' या एकाच शब्दावर आपण दोन अर्थ भागवतो. पाय दुखतो म्हणजे वेदना होते; आणि एखादा 'दुखण्यातून उठला' म्हणजे आजारातून बरा झाला. वेदना ही शत्रू नव्हे, आजाराचा निरोप घेऊन येणारा दूत आहे, हे भाषेला जणू फार पूर्वीच उमगले होते. दूताला मारू नये, असे रावणाच्या भरदरबारात बिभीषणाने सांगितले. आज मला लिहायचे आहे ते अशाच एका दूतवधाविषयी. तो घडतो व्यावसायिक शरीरसौष्ठवाच्या जगात, जेथे देहाचीच पूजा बांधलेली असते.

आपल्या तालमीचा आणि या खेळाचा संबंध वाटतो तितका जवळचा नाही. तालमीतल्या मल्लाला कुस्ती मारायची असते. शरीरसौष्ठवपटूला शरीर दाखवायचे असते. १९६५ साली अमेरिकेत 'मिस्टर ऑलिंपिया' ही स्पर्धा सुरू झाली आणि या खेळाला व्यवसायाचे रूप आले. परीक्षक पाहतात ते स्नायूंचा आकार, प्रमाणबद्धता आणि रेखीवपणा. काळीज, यकृत आणि मूत्रपिंडे कशी आहेत, याला गुण नाहीत. स्नायू फुगवणारी स्टिरॉईड्स तेथे कशी शिरली हे आता गुपित राहिलेले नाही. १९९० साली या स्पर्धेत उत्तेजक द्रव्यांची चाचणी घेतली गेली. पण ती प्रथा टिकली नाही.

स्टिरॉईड्सची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या औषधांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. स्टिरॉईडने स्नायू झपाट्याने वाढतो. पण त्याला हाडाशी बांधणारे कंडर त्या वेगाने बळावत नाहीत. मग खांदे, कोपरे आणि गुडघे बोलू लागतात. सराव थांबवला तर स्पर्धा हुकते. म्हणून १९९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील अनेक व्यायामपटू नाल्ब्युफिन या औषधाकडे वळले. 'न्यूबेन' या नावाने ते विकले जाई. अफूच्या गुणधर्माचे हे वेदनाशामक इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या किंवा प्रसूतीच्या वेदनांसाठी असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्याला नियंत्रित अंमली पदार्थांच्या यादीत घातले नव्हते, त्यामुळे भयही कमी वाटे. १९९६ साली ब्रिटनच्या क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात स्टिरॉईड घेणाऱ्या तिघांची हकीकत छापून आली. तिघेही या इंजेक्शनाच्या आहारी गेले होते.

पुढची पायरी अधिक दुःखद आहे. स्टिरॉईडमुळे झोप उडते आणि चिडचिड वाढते. ती एकदम सोडली तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक आटलेले असते आणि मन काळवंडते. त्यावर उतारा म्हणून पुन्हा औषधच. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लहानशी नोंद आली. न्यू जर्सीच्या एका उपचार केंद्रात हेरॉईन व तत्सम द्रव्यांचे व्यसन सोडवण्यासाठी १९९९ साली २२७ पुरुष दाखल झाले. त्यांपैकी २१ जणांची वाट स्टिरॉईडमधून तेथवर आली होती. ज्याने स्टिरॉईड विकले त्याच्याकडूनच बहुतेकांनी पहिले मादक द्रव्य घेतले होते. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नीतीचा पाठ चालू असताना वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, "सर, देह त्याचा, मरण त्याचे, त्यात आपण बोलणारे कोण?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये जवळजवळ हीच भूमिका मांडली: ज्याने दुसऱ्याचे नुकसान होत नाही, त्या बाबतीत प्रौढ माणूस स्वतःचा राजा आहे. मला हे तत्त्व मान्य आहे. पण त्याच मिलने एक अपवादही सांगितला आहे. माणसाने स्वतःला गुलाम म्हणून विकणे हे स्वातंत्र्यात बसत नाही. कारण त्या एका कृतीने तो पुढचे सगळे निर्णय गमावून बसतो.

मला वाटते, वेदनेचा आवाज कायमचा बंद करणे हे याच अपवादात मोडते. एखादा तरुण म्हणतो, "मी हा धोका पत्करला आहे." ठीक. पण पत्करलेला धोका उद्या नाकारण्याची मुभा असेल तरच तो खऱ्या अर्थाने पत्करलेला. 'आता पुरे' असे सांगणारा माणसाजवळ एकच पंच असतो, तो म्हणजे दुखरा अवयव. त्यालाच गुंगी दिली तर संमती मागे घेणार कोण? आणि व्यसन लागले की उरलेला आवाजही त्याचा स्वतःचा राहत नाही.

म्हणजे कळ सोसूच नये काय? तसे नाही. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत आपल्या बेंगळूरच्या अनिल कुंबळेने मोडलेल्या जबड्यावर पट्टी बांधून १४ षटके टाकली आणि लाराला बाद केले. तो पराक्रमच होता. पण कुंबळेला आपला जबडा मोडला आहे हे पक्के ठाऊक होते, आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी तो मायदेशी परतला. त्याने दूताला क्षणभर दाराशी थांबवले, मारले नाही. सोसणारा वेदनेचे ऐकतो. बधिर झालेला ऐकतच नाही. दोघांनाही आपण एकाच तोंडाने 'शूर' म्हणतो, हा आपला घोटाळा.

'कुमारसंभवा'त घोर तप करणाऱ्या पार्वतीपुढे बटूच्या वेषात शंकर येतो आणि तिला बजावतो, की धर्माचे पहिले साधन शरीर आहे. हा उपदेश चैनी माणसाला नाही, तपस्विनीला आहे. म्हणूनच तो येथे लागू पडतो. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूही तपस्वीच. आळशी माणसाला मराठीत आपण 'अंगचोर' म्हणतो आणि आमच्या भागातले कन्नड शेजारी 'मैगळ्ळ' म्हणतात. अर्थ तोच, अंगाचा चोर. या मंडळींना असे कोण म्हणेल? अंग राबवण्यात ते कसूर करीत नाहीत. ते चोरतात अंगाचे बोलणे.

ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्त्सर हा त्वचेखाली चरबीचा लवलेश नसलेला म्हणून जगभर नावाजलेला शरीरसौष्ठवपटू. १९९६च्या मार्चमध्ये अमेरिकेतील स्पर्धा आटोपून परतल्यावर पोटातील असह्य वेदनांमुळे त्याला म्युनिकच्या रुग्णालयात न्यावे लागले. यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन १४ मार्चला तो गेला. वय ३१. देहाचा निरोप पोहोचला तेव्हा उत्तर द्यायला वेळ उरला नव्हता.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजून पान उलटू नये. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमिनचे इंजेक्शन आज आपल्याकडील काही व्यायामशाळांत थकवा जाणवू नये म्हणून टोचले जाते. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अशा व्यसनी तरुणांच्या नोंदी आहेत आणि महाराष्ट्रात त्याचे साठेही पकडले गेले आहेत. ही मुले विक्रेत्याने एकट्याने बिघडवलेली नाहीत. सहा महिन्यांत दंड कसे भरले याचे कौतुक करणाऱ्या आपल्या टाळ्याही त्यात आहेत.

मुलाने व्यायाम जरूर करावा. मात्र तो घरी आला की "छाती किती झाली?" एवढेच विचारून थांबू नये. "कुठे दुखते का रे?" हेही विचारावे, आणि तो "हो" म्हणाला तर त्याला भित्रा ठरवू नये.